एका रात्रीत बांधलेलं देऊळ?

"हे देऊळ पांडवांनी एका रात्रीत बांधलं, म्हणून दगडांत चुना नाही." कसबा संगमेश्वरच्या कर्णेश्वरापासून कितीतरी देवळांच्या फोटोंखाली हा मजकूर फिरतो. गंमत म्हणजे आम्ही दोघं पाठीला बॅगा लावून कंबोडियात फिरलो, तर तिथल्या अंगकोर वाट देवळाबद्दलही एका रात्रीत बांधल्याचीच कथा!

कथा जुनी आहे, आजीच्या तोंडून ऐकलेली. ती जपूया. बांधकामाची हकीगत मात्र दगडच सांगतात. चुना नाही, कारण घासून चपखल बसवलेले जड दगड मुख्यतः स्वतःच्या वजनाने धरून राहतात. अंगकोर वाटचं काम 12व्या शतकात सुमारे 30 वर्षं चाललं. तिथल्या दगडांवर लहान गोल भोकं दिसतात. दगड उचलायला त्यांत खुंट्या घालत असावेत, असं अभ्यासक मानतात. काही कोरीवकाम तर अर्धवटच राहिलंय: बाह्यरेषा कोरलेली, आत सपाट दगड.

हे आपल्याकडेही पडताळता येतं. सकाळच्या तिरप्या उन्हात भिंतीकडे बघा, छिन्नीचे घाव उठून दिसतात. शिलालेख असला तर उत्तमच. अंबरनाथच्या शिवमंदिरात शके 982, म्हणजे इ.स. 1060 चा आहे.