नाविक (उपग्रह दिशादर्शन प्रणाली)

नाविक ही इस्रोने उभी केलेली भारताची स्वतःची उपग्रह दिशादर्शन प्रणाली. आधीचं नाव आयआरएनएसएस. २८ एप्रिल २०१६ ला सातवा उपग्रह वर गेला त्याच दिवशी पंतप्रधानांनी नाविक हे नाव जाहीर केलं. अमेरिकेची जीपीएस, रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ, चीनची बैदू या जगभर चालतात, नाविक तशी नाही, ती भारत आणि सीमेबाहेर साधारण १५०० किमीच्या पट्ट्यापुरती आहे. नाविक म्हणजे मॅपचं ॲप नव्हे, हा घोळ बरेचजण घालतात. ॲप नकाशा दाखवतं, आपण नकाशावर नेमके कुठे आहोत ते उपग्रहांवरून कळतं.

नावाबद्दल दोन शब्द, कारण व्हॉट्सॲपवर भलतंच फिरत असतं. नेव्हिगेशन हा इंग्रजी शब्द संस्कृत नवगतीवरून आला असं ठोकून दिलं जातं, पण तो लॅटिनमधून आलाय, आणि लॅटिनमधला जहाजाचा शब्द नि संस्कृतमधला नौ हे एका मूळ भाषेतले भाऊ मानले जातात, एक दुसऱ्याचा बाप नाही. नाविक हा शब्द मात्र खरंच जुना संस्कृत आहे. कोकण किनाऱ्यावर रोजच्या बोलण्यात तो फारसा नाही, तिथे तांडेल नि नाखवा चालतात, आणि त्यातला नाखवा बहुतेक फारसी नाखुदावरून आलेला असावा.

ही प्रणाली का काढली यावर सगळ्यात जास्त सांगितली जाणारी गोष्ट कारगिलची. १९९९ ला भारताने जीपीएसची माहिती मागितली, अमेरिकेने नाही म्हटलं, म्हणून आपण आपलं बनवलं. ही गोष्ट इतक्या ठिकाणी छापलीय की ती आता इतिहास म्हणूनच वाचली जाते, पण तांत्रिक बाजूने बघितलं तर ती जशीच्या तशी बसत नाही. जीपीएसचा नागरी सिग्नल रेडिओसारखा असतो, रिसीव्हर असेल त्याला मिळतो, तो मागावा लागत नाही. त्या काळात अमेरिका तो मुद्दाम सगळ्या जगासाठी बिघडवून सोडायची, चूक १०० मीटरपर्यंत जायची, आणि हे बिघडवणं २ मे २००० ला बंद झालं. म्हणजे नकार मिळालाच असेल तर तो लष्करी सांकेतिक सिग्नलबद्दल असावा असं मानणं जास्त पटतं. तरी गोष्टीचा गाभा खोटा ठरत नाही. दुसऱ्याच्या लष्कराच्या हातातली कळ कधीही फिरवली जाऊ शकते ही भीती खरीच होती, आणि मे २००६ मध्ये सरकारने १४२० कोटींची मंजुरी दिली त्यामागे ती होती असं धरायला हरकत नाही.

सुरुवात कधीची धरायची यावर एकमत नाही. पहिला उपग्रह १ जुलै २०१३ ला गेला, सिग्नलचा आराखडा २०१४ मध्ये लोकांसाठी खुला झाला, सात उपग्रह २०१६ ला पूर्ण झाले. बहुतेक ठिकाणी २०१६ देतात, इथेही तेच धरलंय.

रचना जीपीएसपेक्षा वेगळी आहे. जीपीएसचे उपग्रह २०,२०० किमीवर पृथ्वीभोवती फिरत असतात, नाविकचे साधारण ३६,००० किमीवर. मूळ आराखड्यात तीन विषुववृत्तावर एका जागी टांगल्यासारखे आणि चार २९ अंश कललेल्या कक्षेत, जे खालून बघितलं तर आकाशात इंग्रजी आठचा आकडा काढत वरखाली होतात. मावळत नसल्यामुळे ते कायम आपल्याच बाजूला राहतात, हाच सगळा फायदा.

सिग्नल एल५ आणि एस या दोन पट्ट्यांत येतात, ११७६.४५ आणि २४९२.०२८ मेगाहर्ट्झ. हे भारतासाठी खास महत्त्वाचं आहे, कारण आपल्या डोक्यावरचं आयनोस्फिअर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, फार खोडकर. चुंबकीय विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना त्यात इलेक्ट्रॉन साचतात आणि त्यातला उत्तरेकडचा फुगवटा गुजरात, मध्य प्रदेशच्या आसपास येतो. सिग्नल त्यातून येताना रेंगाळतो, आणि हे रेंगाळणं फ्रिक्वेन्सीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतं, म्हणजे एस पट्ट्यात ते एल५ च्या जवळपास साडेचार पटीने कमी. दोन्ही सिग्नल मिळाले की वजाबाकी करून चूक काढून टाकता येते. एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणाऱ्या जीपीएस रिसीव्हरला हे जमत नाही, त्याला आठ गुणांकांचा एक जगभराचा ठोकळ हिशेब मिळतो आणि त्यातून साधारण निम्मी चूक निघते. नाविक यासाठी भारतावरच्या ९० बिंदूंवर किती दुरुस्ती करायची त्याची वेगळी जाळी पाठवते. इस्रोचा अधिकृत दावा २० मीटरपेक्षा चांगल्या अचूकतेचा.

आता घड्याळं. सगळा खेळ वेळेचा आहे, उपग्रहाचं अंतर सिग्नलला लागलेल्या वेळेवरून काढतात, म्हणून एक नॅनोसेकंद चुकला की ३० सेंटीमीटर, एक मायक्रोसेकंद चुकला की ३०० मीटर. प्रत्येक उपग्रहावर तीन स्विस बनावटीची रुबिडियम घड्याळं होती, आणि पहिल्याच उपग्रहाची तिन्ही बंद पडल्याचं २०१७ च्या सुरुवातीला बाहेर आलं. त्याच सुमारास गॅलिलिओमध्येही घड्याळं बंद पडली, त्यामुळे दोष फक्त आपल्याकडेच शोधणं बरोबर नाही. बदली उपग्रह ३१ ऑगस्ट २०१७ ला सोडला तर रॉकेटचं उष्णता कवचच उघडलं नाही, तो आतच अडकला. मग १२ एप्रिल २०१८ ला दुसरा गेला. २९ मे २०२३ ला गेलेल्या नव्या पिढीच्या एनव्हीएस-०१ उपग्रहावर पहिल्यांदा अहमदाबादेत घडवलेलं देशी घड्याळ बसवलं. जानेवारी २०२५ चा एनव्हीएस-०२ मात्र ठरलेल्या कक्षेत पोचलाच नाही. २०२५ च्या मध्यात सरकारने संसदेत सांगितलं त्यानुसार सोडलेल्या ११ पैकी ४ स्थान सांगत होते, ४ फक्त एकतर्फी संदेशाला वापरले जात होते, १ निवृत्त, २ कक्षेत पोचलेच नाहीत.

जीपीएस वापरणाऱ्यावर परिणाम काय, तर त्रास जवळजवळ शून्य. एल५ ची फ्रिक्वेन्सी दोघांची एकच आहे तरी प्रत्येक उपग्रहाचा कोड वेगळा, त्यामुळे सिग्नल एकमेकांत मिसळत नाहीत, पार्श्वभूमीचा गोंगाट किंचित वाढतो एवढंच. फायदा मात्र फोनवर अवलंबून. जुन्या स्वस्त फोनमध्ये फक्त एल१ या जीपीएसच्या जुन्या नागरी पट्ट्याचा रिसीव्हर, त्याला नाविक ऐकूच येत नव्हती, म्हणून एनव्हीएस मालिकेत १५७५.४२ मेगाहर्ट्झचा एल१ सिग्नल घातला. २०२० पासून क्वालकॉमच्या काही चिपमध्ये आणि २०२३ ला आयफोन १५ प्रोमध्ये नाविक आली. वापरणाऱ्याला पत्ताही लागत नाही, तो म्हणतो जीपीएस लावलंय, आणि आत चार-पाच देशांचे उपग्रह मिळून हिशेब चाललेला असतो.

उपग्रह दाखवणारं ॲप उघडून पुण्यात पेठेतल्या बोळात उभं राहिलं की २०२५ मध्ये हे दिसायचं. २०२५ च्या त्या चौघांपैकी तिघे पश्चिमेकडे, ३२.५ आणि ५५ अंश रेखांशावर, आणि पूर्वेला एकटा एनव्हीएस-०१, तोही आपल्याकडून क्षितिजाच्या जेमतेम २३-२४ अंश वर, म्हणजे समोरच्या चार मजली बिल्डिंगने सहज झाकला. ॲपमध्ये तिरंग्याच्या, म्हणजे नाविकच्या, रांगेत तीनच हिरव्या पट्ट्या उरायच्या आणि स्थान काढायला चार लागतात, कारण जागेच्या तीन आणि वेळेची एक अशा चार राशी अज्ञात असतात. एकटी नाविक तिथे हतबल, पण जीपीएसच्या पाच-सहा उपग्रहांत हे तीन मिसळले की त्यांचा उपयोग व्हायचा. मिसळतानाही एक मेख आहे, दोन प्रणालींच्या वेळेत बारीक फरक असतो, तो उपग्रहाकडून कळला नाही तर पाचवी अज्ञात राशी वाढते आणि एक उपग्रह त्यातच खर्ची पडतो. नाविकची वेळ २२ ऑगस्ट १९९९ पासून मोजतात, जीपीएसचा आठवडे मोजणारा आकडा पहिल्यांदा फिरून शून्यावर आला तोच दिवस, त्यामुळे निदान पूर्ण सेकंदांचा गोंधळ होत नाही. तेव्हा नाविक जीपीएसला पर्याय आहे हे भाषणात ठीक, सध्या ती जोडीदार आहे आणि तीही अशक्त.

रस्त्यावर ती जास्त दिसते ती एआयएस-१४० च्या, म्हणजे वाहनांच्या ट्रॅकरसाठी ठरवलेल्या मानकाच्या, डबीत. प्रवासी वाहनांत ट्रॅकर आणि लाल पॅनिक बटण असावं हा नियम २०१९ पासून नव्या गाड्यांना लागू झाला, आणि त्या डबीत नाविकची सोय धरलेली आहे. समुद्रावर, आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्ये तिला मान्यता दिली. मच्छीमारांना वादळाचे इशारे पाठवायचं काम दोन वेगळ्या वाटांनी होतं, एक नाविकचा संदेश आणि दुसरं जेमिनी नावाचं यंत्र, आणि जेमिनी नाविकवर नाही तर गगनवर चालतं. गगन म्हणजे जीपीएसचीच चूक दुरुस्त करून देणारी, मुख्यतः विमानांसाठीची व्यवस्था, तिची नोंद वेगळी बघावी.