अमेरिकेतील दंतवैद्यक व्यवसायाचा आरंभ

अठराव्या शतकात उत्तर अमेरिकेतील इंग्रज वसाहतींमध्ये दाढ उपटण्याचे काम न्हावी, लोहार किंवा गावोगाव फिरणारे कारागीर करीत. दातांवरच उपजीविका करणारे जाणकार १७६०च्या दशकात दिसू लागले. बॉस्टनमध्ये जॉन बेकर या दंतवैद्याकडून कृत्रिम दात बसवण्याची विद्या पॉल रिव्हिअर या चांदीकामाच्या कारागिराने घेतली आणि १७६८मध्ये वर्तमानपत्रात तशी जाहिरात दिली. ब्रिटिशांविरुद्धच्या बंकर हिलच्या लढाईत पडलेल्या डॉ. जोसेफ वॉरन यांचे शव १७७६मध्ये थडग्यातून काढले, तेव्हा रिव्हिअरने स्वतः तारेने बांधलेल्या दातावरून त्यांची ओळख पटवली.

१७८९मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेताना जॉर्ज वॉशिंग्टन यांचा स्वतःचा एकच दात उरला होता. त्यांची कवळी लाकडी होती, ही समजूत खोटी आहे. दंतवैद्य जॉन ग्रीनवुड यांनी ती पाणघोड्याच्या दातांपासून कोरली होती. त्यांच्या वापरातील कवळ्यांत माणसांचे दातही असत. वॉशिंग्टन यांच्या १७८४च्या हिशेबवहीत गुलामांकडून घेतलेल्या नऊ दातांसाठी पैसे दिल्याची नोंद आहे. दंतवैद्यकाचा इतिहास सांगताना ही नोंद टाळता येत नाही.

कारागिरीचा व्यवसाय झाला तो बाल्टिमोरमध्ये. होरेस हेडन आणि चेपिन हॅरिस या दंतवैद्यांच्या पुढाकाराने १८४०मध्ये तेथे जगातील पहिले दंतवैद्यक महाविद्यालय निघाले. पहिल्या वर्गात विद्यार्थी पाच, १८४१मध्ये पदवी मिळाली दोघांना. जाणत्याच्या हाताखाली उमेदवारी करण्याऐवजी शरीररचनेचे शिक्षण घेऊन दंतवैद्य होण्याची वाट इथे खुली झाली. मात्र वैद्यकापासून वेगळे महाविद्यालय काढल्याने दात आणि उरलेले शरीर यांच्यात पडलेली फट पुढेही टिकली. १८४०मध्येच स्थापन झालेल्या दंतवैद्यांच्या राष्ट्रीय संघटनेने पाऱ्याच्या मिश्रधातूने दात भरणार नाही, अशी शपथ सभासदांवर लादली. त्या वादातच ती १८५६मध्ये मोडली. आजची अमेरिकन डेंटल असोसिएशन १८५९मध्ये नायगारा फॉल्स येथे स्थापन झाली.

या पिढीची सर्वांत मोठी देणगी मात्र साऱ्या शस्त्रक्रियेला मिळाली. हार्टफर्डचे दंतवैद्य होरेस वेल्स यांनी डिसेंबर १८४४मध्ये नायट्रस ऑक्साइड हा वेदना बधिर करणारा वायू हुंगून स्वतःचीच दाढ काढून घेतली. त्यांचे पूर्वीचे सहकारी विल्यम मॉर्टन यांनी १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बॉस्टनच्या रुग्णालयात शस्त्रक्रियेसाठी ईथरची भूल जाहीरपणे दिली.

हार्वर्डने १८६७मध्ये दंतवैद्यक विद्यालय सुरू केले. १८६९मध्ये बाहेर पडलेल्या त्याच्या पहिल्या तुकडीत रॉबर्ट टॅनर फ्रीमन होते. ते दंतवैद्यकाची पदवी मिळवणारे अमेरिकेतील पहिले कृष्णवर्णीय होत.