नळी न घालताही कळतं

फोंड्यात कुणाचं पोट जळजळलं की आधी आळ शागुतीवर, मग धास्ती: ‘आता घशातून नळी घालणार!’ दोन्ही गैरसमज. अल्सरमागे, म्हणजे पोटातल्या जखमेमागे, बहुतेकदा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू असतो, नाहीतर दुखण्यावरच्या गोळ्या. जंतू शोधायला फुंकरही पुरते. कार्बन-१३ (कार्बनचाच एक जड प्रकार) असलेला युरिया प्यायला देतात. जंतूचं युरिएज हे एन्झाइम तो युरिया फोडतं आणि थोड्या वेळाने पिशवीत फुंकलेल्या श्वासात तो कार्बन सापडतो. शौचाची तपासणीही चालते. रक्तातल्या अँटिबॉडी मात्र जंतू मेल्यावरही महिनोन्महिने रेंगाळतात, त्यावर विसंबण्यात अर्थ नाही. आणि हो, ओमेप्राझोल (आम्ल कमी करणारी गोळी) तपासणीच्या २ आठवडे, अँटिबायोटिक ४ आठवडे आधी बंद हवं (डॉक्टरांना विचारूनच), नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. शौच डांबरासारखी काळी होत असेल, तर मात्र एंडोस्कोपी, म्हणजे तीच नळीची तपासणी, टाळू नका.