रक्तातलं आणि ताटातलं: जनुकीय स्पष्टीकरणांची पार्श्वभूमी

आजाराचं मूळ आनुवंशिकतेत शोधण्याला भक्कम आधार मिळाला तो १९०२ मध्ये. अल्काप्टोन्यूरिया या दुर्मीळ विकारात लघवी हवेत राहिली की काळी पडते. हा विकार मेंडेलच्या नियमांप्रमाणे उतरतो, हे लंडनचे डॉक्टर आर्चिबाल्ड गॅरॉड यांनी दाखवलं. एक बिघाड, एक आजार. हिशेब इतका सरळ होता, की तो जिथे तिथे लावायचा मोह अनेकांना आवरला नाही.

त्याची झळ पेलाग्राच्या, म्हणजे त्वचा, पचन आणि मेंदूवर परिणाम करणाऱ्या रोगाच्या, रुग्णांना बसली. अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या गरीब कुटुंबांत हा रोग घरंच्या घरं गाठायचा. त्यात आनुवंशिकतेचा मोठा हात आहे, असं अमेरिकन आनुवंशिकतातज्ज्ञ चार्ल्स डॅव्हनपोर्ट यांनी १९१६ मध्ये मांडलं. पण एका घरातल्या माणसांचं रक्त एक असतं, तसंच जेवणही एक असतं! डॉक्टर जोसेफ गोल्डबर्गर यांनी त्याआधीच, १९१५ मध्ये, मिसिसिपीतल्या कैद्यांना मुख्यतः मक्याच्या निकृष्ट आहारावर ठेवून हा रोग उद्भवतो हे दाखवलं होतं. नायसिन या जीवनसत्त्वाच्या अभावाचा उलगडा व्हायला मात्र १९३७ उजाडलं. मधल्या काळातले मृत्यू मला फार अस्वस्थ करतात.

फिनाइलकीटोन्यूरिया या जन्मजात विकाराची कथा याहून बोलकी आहे. १९३४ मध्ये ओस्लोत एका आईने बौद्धिक वाढ खुंटलेली आपली दोन मुलं डॉक्टर आस्ब्यॉर्न फोलिंग यांना दाखवली. मुलांच्या लघवीला विचित्र वास येत होता. फोलिंग यांनी तीत फेरिक क्लोराइड टाकलं आणि रंग हिरवा झाला. दोष निखळ जनुकीय निघाला. तरीही पन्नाशीच्या दशकात फिनाइलअ‍ॅलनिन हा प्रथिनांतला घटक कमी असलेला आहार उपयोगी ठरला आणि साठच्या दशकात नवजात बाळांची रक्तचाचणी सुरू झाली. वेळीच आहार बदलला, तर तेच सदोष जनुक घेऊन मूल चांगलं वाढतं. जनुकीय म्हणजे अटळ, ही समजूत तेव्हाच सुटायला हवी होती.

२००० साली मानवी जीनोमचा, म्हणजे माणसाच्या सगळ्या जनुकीय माहितीचा, कच्चा आराखडा जाहीर झाला आणि आशा पुन्हा उंचावल्या. पण बहुतेक सामान्य आजारांत हजारो जनुकीय फरकांचा प्रत्येकी अगदी थोडा वाटा निघाला. उंचीचंच बघा. २०२२ मध्ये सुमारे ५४ लाख लोकांच्या अभ्यासात १२,००० च्या आसपास फरक सापडले. युरोपीय वंशाच्या लोकांतल्या उंचीतल्या तफावतीचा सुमारे ४० टक्के भाग त्यांनी उलगडला, इतरांत बराच कमी. दुसरीकडे, १८९६ ते १९९६ या शतकात जन्मलेल्या दक्षिण कोरियन स्त्रियांची सरासरी उंची सुमारे २० सेंटिमीटरने वाढली. एवढ्या थोड्या पिढ्यांत एखाद्या समाजाची जनुकं इतकी बदलत नाहीत.