मोकोरो सफर

मोकोरो सफर : आफ्रिकेतील बोट्स्वाना देशाच्या वायव्येकडील ओकावांगो त्रिभुज प्रदेशात मोकोरो या अरुंद, उथळ होडीतून केली जाणारी जलसैर. ‘मोकोरो’ हा सेत्स्वाना भाषेतील शब्द असून त्याचे अनेकवचन ‘मेकोरो’. मासे धरणे, छपरासाठी बोरू कापून आणणे, एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जाणे ही या होडीची मूळ कामे. पर्यटक तिच्यात बसू लागले ते फार नंतर.

ओकावांगो नदी समुद्राला मिळत नाही. अंगोलाच्या उंच प्रदेशात उगम पावून, नामिबियाचा चिंचोळा पट्टा ओलांडून ती बोट्स्वानात शिरते आणि कालाहारीच्या वाळूत फाटे फुटत फुटत संपते. बहुतेक पाणी वाफ होऊन उडते किंवा झाडे-गवत शोषून घेतात. जमिनीला उतार जवळपास नाहीच. त्यामुळे अंगोलात नोव्हेंबर ते मार्चमध्ये पडलेल्या पावसाचे पाणी त्रिभुज प्रदेशाच्या दक्षिण टोकाच्या माउन गावापाशी यायला जून-जुलै उजाडतो. त्या वेळी तिथे कोरडा हिवाळा असतो. आभाळात ढगाचा ठिपका नाही आणि पाणी मात्र गुपचूप चढते आहे, हे पावसाबरोबर पूर पाहिलेल्या आपल्यासारख्यांना उफराटे वाटते. पण सफरीचा खरा हंगाम तोच.

ही होडी या भागात आणली ती प्रामुख्याने येई लोकांनी. अठराव्या शतकात ते उत्तरेकडील नद्यांच्या प्रदेशातून इकडे सरकले. १८४९ मध्ये स्कॉटिश मिशनरी-प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन त्रिभुज प्रदेशाच्या दक्षिणेकडील नगामी सरोवराकडे निघाला, तेव्हा वाटेतील नदीवर त्याला कोरीव होड्यांतून फिरणारे हेच लोक भेटले होते.

अस्सल मोकोरो एकाच खोडाची असते. जुने, जाड झाड पाडून ते कुऱ्हाडीने आणि वाकसाने आतून पोखरतात. खोड किंचित वाकडे असले, तर होडीही तशीच वाकडी होते आणि कोणाला त्यात वावगे वाटत नाही. यासाठी वापरले जाणारे एक झाड आपल्याकडच्या बागांतही दिसते : लांब दोऱ्यांना दुधी भोपळ्यासारखी फळे लोंबणारा ब्रह्मदंड. दुसरे टेंभुर्णीच्याच कुळातील. लाकडी होडी काही वर्षांत कुजते आणि पुन्हा एक जुने झाड जाते. म्हणून सफरींसाठी आता बहुतेक ठिकाणी फायबरग्लासच्या मेकोरो वापरतात. त्या हलक्या आणि टिकाऊ आहेत. लाकडाचा वास मात्र त्यांना नाही.

मोकोरोला वल्हे नसते. नावाडी मागच्या टोकाला उभा राहून ‘न्गाशी’ नावाच्या लांब काठीने तळाच्या वाळूला रेटा देतो. पाणी बहुतेक ठिकाणी उथळ असल्यानेच हे जमते. काठी टेकवायची, अंगाचा भार द्यायचा, होडी पुढे सरकली की काठी हलकेच उपटून घ्यायची. दिसायला सोपे, पण नवख्याने उभे राहून पाहिले तर होडी पुढे जाण्याऐवजी गोल फिरते. या कामात स्त्रियाही आहेत.

प्रवासी दोन, तेही तळाशी बसलेले. डोळे पाण्यापासून हात-दीड हात उंचीवर, त्यामुळे दोन्ही बाजूंचे बोरू आणि पपायरस डोक्याच्या वर जातात. पपायरस म्हणजे आपल्या लव्हाळ्याचाच थोराड भाऊ. हत्ती-सिंह मनसोक्त पाहायचे असतील, तर जीपच बरी. इथे दिसतो तो बोरूच्या काडीला चिकटलेला नखाएवढा बेडूक, कुमुदाच्या पानांवर चालणारा कमळपक्षी, निळा झळझळीत खंड्या. इंजिन नाही, कानावर येते ती होडीच्या पोटाला पाने घासल्याची सरसर. मध्येच नावाडी कुमुदाचा देठ उपटतो, एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने मोडत सालीला लोंबणाऱ्या तुकड्यांची माळ करतो. खाली फूल, तेच पदक.

धोका आहे तो मुख्यतः पाणघोड्यांचा. गंमत अशी, की वाटाही तेच करतात : रात्री चरायला जाता-येता त्यांची धुडे गवत तुडवून पाण्याच्या वाहिन्या मोकळ्या ठेवतात. दिवसा ते खोल डोहात असतात, म्हणून नावाडी डोह टाळून उथळ कडेने जातो. शंका आली, तर थांबतो किंवा सरळ मागे फिरतो. अशा वेळी फोटोसाठी हट्ट धरू नये.

ओकावांगो त्रिभुज प्रदेश २०१४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतील १,००० वे स्थळ ठरला. माउनजवळच्या काही गावांत सफरी गावकऱ्यांच्या सामुदायिक न्यासामार्फत चालतात आणि नावाड्यांना पाळीने काम मिळते. सगळा हिशेब पुराच्या हाती असतो. २०१९ सारख्या दुष्काळी वर्षी पाणी फारच तोकडे आले. असे झाले की दक्षिणेकडच्या वाहिन्या कोरड्या राहतात आणि मेकोरो काठावर पालथ्या पडून असतात.