तक्रार खरीच आहे: रोजच्या वैतागामागचं विज्ञान

लोणी लावलेला पावाचा तुकडा टेबलावरून निसटला की लोण्याच्या बाजूनेच जमिनीवर आपटतो. ही तक्रार कुणी केली की शहाणी माणसं हसून समजावतात: दोनच बाजू आहेत, निम्म्या वेळा तसं होणारच, उरलेल्या वेळा तुमच्या लक्षात राहत नाहीत. या बाबतीत शहाणी माणसं चुकतात. तक्रार करणारा बरोबर असतो.

रॉबर्ट मॅथ्यूज यांनी १९९५ मध्ये 'युरोपियन जर्नल ऑफ फिजिक्स'मध्ये या पडण्याचं गणित मांडलं. तुकडा टेबलाच्या कडेबाहेर सरकत जातो आणि त्याचा मध्य कडेपलीकडे गेला की कलंडतो. कलंडताना त्याला जी गिरकी मिळते तीच खाली पोचेपर्यंत टिकते, कारण हवेत ती थांबवायला काही नसतं. ७५ सेंटीमीटर उंचीवरून जमीन गाठायला त्याला सुमारे ०.३९ सेकंद लागतात. नेहमीच्या आकाराचा तुकडा तेवढ्यात साधारण अर्धी गिरकी घेतो. सुरुवातीला लोणी वर असतं, अर्ध्या गिरकीनंतर ते खाली येतं. लोण्याच्या वजनाचा इथे काही संबंध नाही. तुकड्यापुढे ते अगदीच हलकं. एका बाजूला पेनाने फुली मारलेला कोरडा तुकडाही असाच पडेल. दोष टेबलाच्या उंचीचा आहे, आणि टेबलाची उंची माणसाच्या उंचीवरून ठरते. तुकडा पूर्ण गिरकी घेऊन सुखरूप उतरायला मॅथ्यूज यांच्या हिशेबाने टेबल ३ मीटर उंच लागेल. पुढे ब्रिटनमधल्या शाळकरी मुलांनी एकूण ९,८२१ वेळा तुकडे पाडून पाहिले. ६,१०१ वेळा लोणी खाली, म्हणजे ६२ टक्के.

उपाय दोन आहेत आणि दोन्ही वेडगळ वाटतात. तुकडा कडेवरून सरकताना दिसला तर त्याला पकडायला जाऊ नका; हाताने आडवा जोरात फटकारा. तो कडेवर रेंगाळला नाही तर गिरकी मिळायला वेळच मिळत नाही आणि लोणी वरच राहतं (तुकडा खोलीच्या दुसऱ्या टोकाला असेल, तो प्रश्न वेगळा). दुसरा उपाय म्हणजे तुकडे बारीक करणं. बाजूची लांबी एक चतुर्थांश केली की गिरकीचा वेग साधारण दुप्पट होतो आणि तेवढ्याच वेळात पूर्ण फेरी होऊ शकते.

'चुकण्यासारखं जे आहे ते चुकणारच' या म्हणण्याला ज्याचं नाव चिकटलं तो एडवर्ड मर्फी अमेरिकी हवाई दलात अभियंता होता. १९४९ साली कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात रुळांवरून धावणाऱ्या रॉकेट-गाडीवर हवाई दलातला डॉक्टर जॉन स्टॅप स्वतः बसून अचानक थांबण्याचे धक्के सोसत होता. ते धक्के मोजायला आणलेले सेन्सर उलटे जोडले गेले आणि चाचणीनंतर हाती शून्य आकडे आले, अशी ही हकिकत सांगितली जाते. तिचा गाभा दुर्दैवात नाही. सेन्सर दोन पद्धतींनी जोडता येत होते, हा तो गाभा. मोबाईलच्या सिमकार्डाचा एक कोपरा कापलेला असतो तो याचसाठी: उलटं बसवायची सोयच ठेवायची नाही.

आता इयरफोनची वायर. नीट ठेवली होती, खिशातून काढली तर गुंता. २००७ मध्ये सॅन दिएगो इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात डोरियन रेमर आणि डग्लस स्मिथ यांनी एका चौकोनी डब्यात दोरी टाकून डबा सेकंदाला एका फेरीने दहा वेळा गोल फिरवला, उघडून गाठ पडली का ते पाहिलं आणि हे ३,४१५ वेळा केलं. सुमारे ४६ सेंटीमीटरपेक्षा आखूड दोरीला गाठ जवळजवळ पडतच नाही. तिथून दीड मीटरपर्यंत शक्यता झपाट्याने वाढते आणि पन्नास टक्क्यांच्या आसपास स्थिरावते. इयरफोनची वायर बहुधा मीटर-सव्वा मीटर असते, म्हणजे नेमकी या चढावर. त्यांना १२० प्रकारच्या वेगवेगळ्या गाठी सापडल्या, आणि या सगळ्या दहा सेकंदांच्या हिंदकळण्यातून.

गाठ पडते कशी? डब्यात दोरीची वेटोळी शेजारी शेजारी पडतात आणि मोकळं टोक हलताना कधी एका वेटोळ्याच्या वरून, कधी दुसऱ्याच्या खालून जातं. वेणी घालताना आपण जे जाणूनबुजून करतो तेच इथे आपोआप होतं. म्हणजे गुन्हेगार मोकळं टोक आहे, आणि उपायही तिथेच करायचा. वायर नुसती गोल गुंडाळू नका, कारण प्रत्येक गोल वेढ्यात तिला एक पीळ बसतो आणि सुटल्यावर तोच तिला मुरडतो. अंगठा आणि करंगळी ताठ धरून त्यांच्याभोवती इंग्रजी आठच्या आकारात गुंडाळा; एका वेढ्याचा पीळ पुढच्या वेढ्यात उलटा बसतो आणि हिशोब मिटतो. शेवटची १०-१५ सेंटीमीटर वायर आठच्या कमरेला आडवी गुंडाळून टोक वरच्या फासातून ओवून घ्या. अरुंद डबीत ठेवलीत तर आणखी चांगलं. त्या प्रयोगात डबा लहान केल्यावर गाठी कमी पडल्या, कारण टोकाला फिरायला जागाच उरत नव्हती.

गंमत अशी की जिथे गाठ नको तिथे ती आपोआप पडते आणि जिथे हवी तिथे, म्हणजे बुटाच्या नाडीला, आपोआप सुटते. बर्कली इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या ऑलिव्हर ओरायली, क्रिस्टीन ग्रेग आणि क्रिस्टोफर डेली-डायमंड यांनी २०१७ मध्ये हे उलगडलं. धावताना पाऊल जमिनीवर आपटतं तेव्हा गाठीला गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे सातपट धक्का बसतो. त्याने गाठ किंचित सैल होते. लगेच पाय पुढे झुलतो आणि नाडीची मोकळी टोकं चाबकासारखी बाहेर फेकली जातात, गाठीला ओढ देतात. नुसता पाय झुलवला तर नाडी सुटत नाही, नुसता आपटला तरीही नाही. दोन्ही एकत्र लागतात. बराच वेळ काहीच घडत नाही. पण टोक थोडं लांबलं की त्याची ओढ वाढते, ओढ वाढली की ते आणखी लांबतं आणि मग दोनचार पावलांतच सगळं उलगडतं. 'आत्ता तर घट्ट होती' हे म्हणूनच शब्दशः खरं असतं.

तुमची गाठ कमजोर आहे का हे पाहायला पाच सेकंद पुरतात. सुरगाठ मारल्यावर तिचे दोन फास बुटावर आडवे, डावी-उजवीकडे पडले तर गाठ चांगली. ते फिरून उभे, एक घोट्याकडे आणि एक बोटांकडे असे झाले तर ती कमजोर गाठ आहे. सुरगाठीत दोन पायऱ्या असतात: आधी साधी अर्धी गाठ, वर फासांची अर्धी गाठ. पहिलीत उजवं टोक डाव्यावरून घेतलं असेल तर दुसरीत डावा फास उजव्यावरून जायला हवा. दोन्हीकडे एकच दिशा ठेवली की गाठ मुरडते आणि लवकर सुटते. दुरुस्त करताना फासांची पायरी बदलायला जाऊ नका, लहानपणापासूनची हाताची सवय तिथे मुरलेली असते. पहिली अर्धी गाठ तेवढी उलट दिशेने मारा. सुटते हीसुद्धा, पण खूप उशिरा.

मोज्यांच्या बाबतीत भौतिकशास्त्रही लागत नाही, मोजणी पुरते. प्रत्येक जोड वेगळा असे दहा जोड, म्हणजे वीस मोजे घ्या आणि त्यातले कोणतेही सहा हरवू द्या. हे ३८,७६० प्रकारे घडू शकतं. नेमके तीन पूर्ण जोड हरवून बाकी सात शाबूत राहण्याचे प्रकार फक्त १२०. सहाच्या सहा वेगवेगळ्या जोडांतले जाऊन हाती चार जोड आणि सहा एकटे मोजे उरण्याचे प्रकार १३,४४०. सर्वांत वाईट निकालाची शक्यता सर्वांत चांगल्याच्या ११२ पट! उपाय कंटाळवाणा पण पक्का: सगळे मोजे एकाच रंगाचे घ्या. मग सहा हरवले तरी सात जोड उरतात.

बस उशिरा येते ही तक्रार मात्र अर्धी आपल्या गणिताची चूक आहे. सरासरी दर १० मिनिटांनी बस असेल तर सरासरी ५ मिनिटं थांबावं लागेल, असं आपण धरतो. समजा दोन बसमधलं अंतर आलटून पालटून ५ आणि १५ मिनिटं आहे. सरासरी १० च. पण दर २० मिनिटांतली १५ मिनिटं लांबलचक खंडात जातात, म्हणून अवचित थांब्यावर पोचणारा माणूस चारात तीन वेळा त्या लांब खंडात सापडतो आणि सरासरी साडेसात मिनिटं थांबतो. उरलेल्या एका वेळी अडीच मिनिटं. एकूण सरासरी ६.२५. बस पूर्णपणे बेभरवशाच्या, कधीही येणाऱ्या असतील तर सरासरी थांबणं पूर्ण १० मिनिटांवर जातं. वेळापत्रक आणि प्रवासी दोघेही खरं बोलत असतात. एक बस मोजतो, दुसरा मिनिटं.

शिवाय अंतरं समान राहतच नाहीत. एक बस जराशी मागे पडली की पुढच्या थांब्यावर तिच्यासाठी जास्त माणसं साचतात, चढायला जास्त वेळ जातो, ती आणखी मागे पडते. मागच्या बसला माणसंच मिळत नाहीत, ती भराभर पुढे येते. शेवटी दोन बस एकमेकींना चिकटून येतात. म्हणून खचाखच भरलेल्या बसच्या मागे लगेच रिकामी बस दिसते. पुढच्या बसमध्ये स्वतःला कोंबण्याआधी रस्त्याकडे एकदा मान वळवून बघणं फायद्याचं असतं.

रांगांचंही असंच. शेजारी तीन रांगा असतील तर आपली सर्वांत वेगवान असण्याची शक्यता एक तृतीयांश. तीनात दोन वेळा दुसरी कुठली तरी पुढे जाणारच. पण वाहनांच्या गर्दीत मात्र डोळे फसवतात. डोनाल्ड रेडेलमायर आणि रॉबर्ट टिब्शिरानी यांनी १९९९ मध्ये 'नेचर'मध्ये दाखवलं की दोन्ही मार्गिकांचा सरासरी वेग सारखा असला तरी चालकाला शेजारची वेगवान वाटते. आपण सुटतो तेव्हा शेजारच्या खोळंबलेल्या, दाटीने उभ्या गाड्या काही सेकंदांत मागे टाकतो. आपण अडकतो तेव्हा शेजारच्या सुट्या सुट्या गाड्या बराच वेळ एकेक करून पुढे जात राहतात. मागे पडण्याचा काळ लांब, पुढे जाण्याचा आखूड, आणि मागे टाकलेल्या गाड्या नजरेआड होतात त्या वेगळंच. छत्री घेतली की पाऊस येत नाही, ही तक्रार तर निव्वळ आठवणीची करामत. पावसाला छत्री दिसत नाही.

डगमगणाऱ्या चौकोनी टेबलाखाली कागदाची घडी सारण्याआधी ते फिरवून पाहा. चारही पाय सारखे असतील आणि जमीन खडबडीत पण पायरीसारखी तुटक नसेल, तर एक चतुर्थांश फेरी पूर्ण होण्याआधी चारही पाय टेकतील अशी एक जागा सापडतेच. कारण असं: आता तीन पाय टेकले आहेत आणि चौथा अधांतरी आहे. पाव फेरी फिरवल्यावर प्रत्येक पाय शेजारच्याच्या जागी जातो आणि तेच तीन पाय टेकवून ठेवले तर चौथ्याला जमिनीत शिरावं लागेल. अधांतरी ते जमिनीत या प्रवासात कुठेतरी तो बरोबर जमिनीवर येणारच. टेबल मग कदाचित थोडं तिरकं उभं राहील, पण डगमगणार नाही. पायांची लांबीच कमीजास्त असेल तर मात्र ही हमी नाही, घडीच आणा.

हे सगळं वैतागवाणं असूनही हसू का येतं? पीटर मॅकग्रॉ आणि कॅलेब वॉरन यांनी २०१० मध्ये मांडलेलं उत्तर असं की एखादी गोष्ट बिघडलेली आणि त्याच वेळी निरुपद्रवी वाटली की माणूस हसतो. दोन्हींपैकी एक गळालं की हसू गळतं. पाव पडला नाही तर विनोद नाही. पाव यजमानाच्या नव्या गालिच्यावर पडला तर त्याला विनोद नाही. २०१२ मध्ये त्यांनी आणखी एक धागा जोडला: मोठा घोटाळा हसण्याजोगा व्हायला काळ जावा लागतो, किरकोळ फजिती मात्र ताजी असतानाच गमतीची वाटते. रॉबर्ट प्रोव्हाइन यांच्या निरीक्षणात माणसं एकटी असताना जेवढं हसतात त्याच्या सुमारे तीसपट सोबत असताना हसतात. सुटलेल्या नाडीवर एकट्याने चिडणारा माणूस मित्राबरोबर असला की तीच गोष्ट हसत सांगतो.

शेवटची फजिती कॉफीची. साध्या कपातली कॉफी सेकंदाला साधारण ३ ते ४ हिंदोळे घेऊ शकते. ते कपाच्या व्यासावर ठरतं. आपण सेकंदाला दोनेक पावलं टाकतो, आणि पावलांच्या धक्क्यांमध्ये त्याच्या दुप्पट लयीची कंपनंही मिसळलेली असतात. ती कॉफीच्या लयीशी जुळतात आणि दर पावलाला लाट थोडी वाढते. २०१२ मध्ये हान्स मायर आणि रुस्लान क्रेचेत्निकोव यांना आढळलं की कॉफी बहुतेक वेळा सातव्या ते दहाव्या पावलाच्या दरम्यान सांडते, म्हणजे परत फिरायला उशीर झाल्यावर. कप काठोकाठ भरू नका, हळू निघा, नजर वाटेऐवजी कपावर ठेवा. वर फेसाचे पाचेक थर असतील तर ते लाटेची शक्ती काठाशी घासून शोषून घेतात. दक्षिण कोरियातला जीवॉन हान हा विद्यार्थी आणखी पुढे गेला. कप कानाला न धरता वरून, पाची बोटांच्या पंजाने काठाला पकडायचा आणि उलटं चालायचं. सवयीची लय मोडते आणि हिंदोळा कमी होतो. त्याला २०१७ मध्ये इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं गमतीदार बक्षीस, मिळालं. करून पाहायचं असेल तर मागे उंबरठा कुठे आहे ते आधी बघून ठेवा.