‘डॉल्बी’ नेमकं कशाला म्हणायचं? कोल्हापुरातल्या आवाजाच्या वादाची पार्श्वभूमी

गणेशोत्सव जवळ आला की कोल्हापुरात तोच प्रश्न पुन्हा उभा राहतो: यंदा डॉल्बी लागणार का? उत्सवाआधीच्या बैठकीत एक बाजू ‘डॉल्बीमुक्त मिरवणूक’ म्हणते, दुसरी ‘निदान दोन बेस, दोन टॉपला तरी परवानगी द्या’ म्हणते (बेस म्हणजे खालच्या पट्टीचे स्पीकर, टॉप म्हणजे वरच्या पट्टीचे). बैठक संपते, पण डॉल्बी म्हणजे काय हे ठरलेलं नसतंच. म्हणून या वादाकडे जाताना आधी त्या शब्दापाशी थांबावं लागतं.

डॉल्बी हे एका कंपनीचं नाव. १९६५ साली लंडनमध्ये ती सुरू झाली आणि तिचं पहिलं काम होतं टेपवरच्या ध्वनिमुद्रणातली खरखर कमी करणं. पुढे कॅसेट प्लेअरवर ते नाव दिसू लागलं, मग थिएटरच्या पाट्यांवर आलं, आणि छातीत घुमणारा मोठा आवाज म्हणजे डॉल्बी हे लोकांच्या तोंडी बसलं ते बहुधा तिथूनच. आपल्याकडे मिरवणुकीत ज्याला डॉल्बी म्हणतात त्याचा त्या कंपनीशी काही संबंध असावाच लागतो असं नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर लोखंडी स्ट्रक्चर, त्यात खाली बेसची खोकी, वर टॉप, मागे ॲम्प्लिफायर आणि जनरेटर, ही आपली डॉल्बी. इतर ठिकाणी यालाच डीजे म्हणतात.

नियमात हा शब्द कुठेच नाही. २००० सालचे ध्वनी प्रदूषण नियम ध्वनिवर्धकाबद्दल बोलतात, वाद्यांबद्दल बोलतात, आणि मुख्य म्हणजे डेसिबलबद्दल बोलतात. निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५. व्यापारी भागात ६५ आणि ५५. शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर ध्वनिवर्धकाचा आवाज भोवतालच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलने जास्त किंवा ७५, यांतला जो आकडा कमी असेल त्याच्या पुढे जाता कामा नये. ‘डॉल्बीला बंदी’ असं म्हटलं की साउंडवाला सरळ सांगतो, माझी सिस्टीम डॉल्बी नाहीच. त्याचं चूक म्हणता येत नाही.

यातूनच खोकी मोजण्याचा तोडगा पुढे आला. दोन बेस, दोन टॉप. खोकी मोजायला सोपी, रस्त्यावर उभ्या असलेल्या हवालदारालाही मोजता येतात. पण आवाज खोक्यांच्या हिशेबाने उतरत नाही. चार बेसच्या जागी तसेच दोन ठेवले, तर पातळी ३ ते ६ डेसिबलने खाली येते. कानाला आवाज निम्मा वाटायला साधारण १० डेसिबल उतरावे लागतात. दोनच खोकी पण मोठी, ॲम्प्लिफायर तगडा, तर तेवढा फरकही उरत नाही. या तोडग्यावर इतकी वर्षं खर्च झाली, हे माझ्या मते या वादातलं सगळ्यात मोठं नुकसान.

दुसरी गोष्ट आवाज मोजणाऱ्या मीटरची. नियमातला डेसिबल ‘ए’ मापावरचा आहे. हे माप माणसाच्या कानाच्या जवळ जातं, म्हणून खालच्या पट्टीतले सूर ते कमी धरतं. ६३ हर्ट्झच्या खोल सुराला मीटर सुमारे २६ डेसिबल वजा करतो. म्हणजे त्या पट्टीत खरोखर ११० डेसिबलचा ठोका पडला, तर मीटरवर ८४ दिसणार. आणि नेमकी हीच पट्टी बेसची. भिंतीतून आरपार जाते तीही हीच. ‘सी’ या दुसऱ्या मापावर हीच वजाबाकी एक डेसिबलच्या आत राहते, पण नियम त्या मापाचा नाही.

महाद्वार रोडला आमच्या आत्याचं जुनं घर आहे, दुकानाच्या वर. मिरवणुकीत डॉल्बीची गाडी पापाच्या तिकटीकडे सरकू लागली की आधी फळीवरच्या पितळी डब्यांची झाकणं वाजतात; गाणं कोणतं ते नंतर कळतं. आत्याचे यजमान हृदयाची शस्त्रक्रिया होऊन घरी आले त्या वर्षी त्यांनी मागच्या खोलीतली खुर्ची मधोमध ओढून घेतली होती, पाठ भिंतीला लागू नये म्हणून. भिंत थरथरत होती. रस्त्यावरच्या मीटरला ती थरथर पुरती कळत नाही.

मंडळांची बाजूही ऐकण्यासारखी आहे. ढोल-ताशाचं पथक ७५ च्या वर सहज जातं, मग आमच्यावरच राग का, हा त्यांचा प्रश्न खरा आहे. नियमही दोघांना वेगळं करत नाही. २०१० च्या दुरुस्तीनंतर रात्री दहा ते सकाळी सहाची बंदी वाद्यांनाही लागू आहे. फरक इतकाच की ढोल वाजवणाऱ्याचे हात भरून येतात, तो थांबतो. शिवाय पेठांतल्या तालमींनी हलगी-घुमकं, लेझीम, बेंजो यांवर वर्षानुवर्षं मिरवणुका काढल्या, त्या फिक्या होत्या असं कुणी जुना माणूस म्हणणार नाही.

न्यायालयात हा विषय अनेकदा गेला. प्रार्थनेसाठी ध्वनिवर्धक लावलाच पाहिजे असं कोणताही धर्म सांगत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्येच म्हटलं. जुलै २००५ च्या निकालाने रात्री १० ते सकाळी ६ ही बंदी पक्की झाली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वर्षातले १५ दिवस बारापर्यंत सूट देण्याचा राज्यांचा अधिकारही मान्य झाला. त्यातून कोल्हापूरच्या मिरवणुकीला नवंच वेळापत्रक मिळालं: बाराला सिस्टीम बंद, मंडळं जागच्या जागी थांबून राहतात, आणि सकाळी सहाला पुन्हा सुरू. रात्र शांत झाली, पण मिरवणूक दुसऱ्या दिवसावर गेली आणि रस्त्यालगतच्या घरांचे तास वाढले. २०१८ मध्ये साउंड व्यावसायिकांनी डीजेवरच्या बंदीविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली, ऐन उत्सवात त्यांना दिलासा मिळाला नाही. २०२० आणि २०२१ कोरोनात गेली. मिरवणुका परत आल्या त्या लेसरच्या झोतांसह, आणि आवाजाच्या जोडीला डोळ्यांच्या इजेच्या तक्रारीही सुरू झाल्या.

ध्वनी नियमांतली ऑगस्ट २०१७ ची दुरुस्ती मात्र इथे कमी चर्चिली गेली. आधी रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचे १०० मीटर आपोआप शांतता क्षेत्र धरले जात. दुरुस्तीनंतर सरकारने तसं जाहीर केल्याशिवाय ते शांतता क्षेत्र होत नाही. भाऊसिंगजी रोडवर सीपीआर हे सरकारी रुग्णालय पूर्वीपासून आहे, आणि जवळच्या जुन्या जिल्हा न्यायालयाच्या इमारतीत ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसतं. विसर्जनाचा मुख्य मार्ग मिरजकर तिकटी, महाद्वार रोड, गंगावेश असा जातो, या रस्त्याने नाही. पण मिरवणुका वर्षभर असतात, आणि सीपीआरमधले रुग्ण कुठल्या मार्गाने कोण जातं हे विचारून भरती होत नाहीत. बैठकीत खोक्यांचा आकडा ठरवण्याआधी या १०० मीटरचं काय, हे विचारलं गेलं पाहिजे.